माझ्या अंगावरची लोकर

मी बूम माईक बोलतोय. तसा बोलायचा हक्क मला कुणी दिलेला नाही, माझं काम ऐकायचं. लांब काठीच्या टोकाला मला बांधतात आणि बोलणाऱ्याच्या डोक्यावर धरतात. चित्रात जरा दिसलो की सगळे ओरडतात, "माईक आला फ्रेममध्ये, हटव त्याला!" जन्मभर हेच ऐकलं.

विद्यापीठाच्या मीडिया विभागात मी आणि कॅमेरा एकाच टेम्पोतून आलो. पण खंडेनवमीला झेंडूचा हार त्याला, नारळ त्याच्यापुढं, सेल्फी त्याच्यासोबत. मला एक पाकळीसुद्धा नाही! असा जळफळाट व्हायचा म्हणून सांगू. पोरांचंही तसंच. ज्याला त्याला कॅमेरामन व्हायचं, नाहीतर दिग्दर्शक. आवाजाचं काम म्हणजे शिक्षा.

शेवटच्या वर्षी फिल्मसाठी चिठ्ठ्या टाकल्या. कॅमेरा तेलगावच्या लखनला मिळाला आणि आवाजाची चिठ्ठी धारूरच्या स्वप्नाला. ती रडायलाच लागली. तिचे वडील आप्पाराव मेंढरं राखतात. त्यांनी बजावलं होतं, कोर्स संपला की काम मिळालं तर ठीक, न्हाईतर पाहुणे बघून ठेवलेत. "ही काठी धरणारीला कोण काम देणार?" ती म्हणाली. माझ्याकडं बघून म्हणाली! लई लागलं मला.

फिल्म आप्पारावांच्याच कळपावर होती. धारूरच्या डोंगरावर पोचल्यावर कळलं, वारा अडवणारं माझं केसाळ टोपडं विभागातच राहिलंय. लखननं त्या जागी कॅमेऱ्याची जादा लेन्स भरली होती. बघा, म्हणजे तिथंही तोच! वारा असा घोंघावत होता की स्वप्नाला हेडफोनमध्ये दुसरं काही ऐकूच येईना.

"ह्याला वाऱ्यात उघडा कावून आणला गं?" आप्पाराव म्हणाले. "गारठंल की."

लखन हसला. स्वप्नानं मात्र वडिलांच्या पिशवीतली कातरलेली लोकर घेतली, हातानं पिंजली, माझ्याभोवती सैलसर गुंडाळली आणि वेणीची लाल रिबीन सोडून वर बांधली. वारा गप झाला. इतकी माया मला कुणी लावली नव्हती.

कॅमेरा सुरू झाला तसे आप्पाराव ताठ उभे. हात मांडीला चिकटलेले, डोळे वटारलेले.

"काका, मेंढरांशी बोला की जरा."

"काय बोलू बाबा? जनावर हाय ते."

शेवटी वैतागून लखन कॅमेरा घेऊन किल्ल्याकडं गेला. स्वप्ना तिथंच दगडाआड मला धरून बसली. आप्पारावांना वाटलं, शूटिंग उरकलं. कळपाबाहेर पळालेलं एक कोकरू त्यांनी उचललं आणि त्याला म्हणाले, "लई पळतंस रं. आमची स्वप्नी बी अशीच. तिच्याबिगर घर खायला उठंल, पर तिच्या लगनाची घाई मलाच का झालीय, कळंना."

घरात दहा शब्द न बोलणारा बाप! स्वप्नानं मला जराही हलू दिलं नाही. मग उठून तिनं रेकॉर्ड झालेलं पुन्हा सुरू केलं आणि हेडफोन वडिलांच्याच कानाला लावला. त्यांनी सगळं ऐकलं.

"हे मी बोललो?"

"व्हय आप्पा. पुसून टाकू?"

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पाहुण्यांना नको म्हणून कळवतो मी."

कॅमेऱ्याला यातलं काही म्हणजे काही मिळालं नाही. मला लई गोड वाटलं, खोटं कशाला बोलू?

कोर्स संपला. लखन लग्नांवर ड्रोन उडवतो. त्यांच्याच वर्गातली अंजू पुण्यात एडिटिंग करते. स्वप्नाला तो आवाज ऐकवूनच मुंबईत मालिकेवर साउंडचं काम लागलं. जाताना तिनं माझ्या अंगावरची लोकर सोडवून पिशवीत ठेवली. वाटलं, माझी आठवण नेतेय. मी कॅमेऱ्याकडं बघून कसा मिरवलो होतो तेव्हा!

परवा ती नव्या पोरांशी बोलायला आली. काचेच्या कपाटात मला धीर धरवेना. तिनं पिशवी उघडली आणि स्वतःचा माईक काढला. सडपातळ, काळाभोर, महागडा. त्याच्या अंगावर माझी लोकर. रिबीनसुद्धा तीच!

जाताना तिनं कपाट उघडलं, माझ्यावरून बोट फिरवलं आणि सरांना विचारलं, "हा चालतो का अजून?"

चालतो गं, चालतो! कॅमेऱ्यावर उगाच जळत बसलो इतकी वर्षं. स्वप्ना, तू लई मोठी हो, माझी ना नाही. पण पुढच्या वेळी त्या काळ्याला बाहेर ठेवून ये. आणि त्याला एकदा सांग, बाबा रे, ही लोकर दुसऱ्याच्या अंगावरून उतरवलेली हाय.