मास्तरांचे प्रश्न

मास्तरांच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. घड्याळाचं झाकण उघडलं की त्यांचं तोंड सुरू व्हायचं, आणि झाकण बसलं तरी ते चालूच. चिमणी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर अकरा वर्षं बसत होती. एकोणिसाव्या वर्षी कामाला आली तेव्हा अगदीच हडकुळी होती, म्हणून मास्तरांनीच तिला हे नाव ठेवलं. आता दोन लेकरांची आई झाली, अंगानं भरली, तरी दुकानात आपली चिमणीच. चिमटा कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलेलं. त्यांच्यासमोर आवाज चढवायची तिची प्राज्ञा नव्हती.

पण माणसानं ऐकून घ्यायचं तरी किती? नुसत्या गप्पा असत्या तर एक वेळ चाललं असतं. गेली दोनेक वर्षं मास्तरांनी परीक्षांचा सपाटा लावला होता.

"चिमणे, बघू तुझा अभ्यास. ह्या दोन स्क्रूंतला थोरला कोण, धाकटा कोण?"

"डावीकडचा थोरला, मास्तर."

"शाब्बास! आणि हा काटा सरळ बसलाय, की लाजून वाकलाय?"

दिवसातून वीस वेळा हे. तिनं मान वळवायची, भिंगातून बघायचं, उत्तर द्यायचं आणि परत आपल्या घड्याळाकडे यावं तर केसाएवढी बारीक स्प्रिंग चिमट्यातून निसटून कुठेतरी गेलेली. मग गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत राहा! अकरा वर्षं घासूनही हा माणूस आपल्याला कच्चीच समजतो, ह्या विचारानं तिचं डोकं फिरायचं.

जुने मालक होते तोवर हे खपून गेलं. धाकट्या मालकांनी दुकान एका मोठ्या चकचकीत इमारतीत हलवलं आणि दोघांची टेबलं काचेच्या खोलीत मांडली. का, तर गिऱ्हाइकांना काम बघता यावं. गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलायचं असाही फतवा निघाला. त्यासाठी एक शिक्षिका दुकानात येऊन धडे द्यायची. मास्तर दोन दिवस बसले आणि "माझी जीभ आता वळायची नाही बाई," म्हणून उठले. चिमणीनं मात्र वहीभर वाक्यं पाठ केली.

मग एका सकाळी धाकटे मालक दोघांसमोर उभे राहून सरळच म्हणाले, "लोक आता मोबाइलवर वेळ बघतात. दोन खुर्च्यांचं काम उरलेलं नाही. ह्या महिन्यात ज्याच्या कामाची तक्रार येईल, त्याची खुर्ची उचलायची."

चिमणीचा नवरा दीड वर्ष घरी बसून होता. तिची खुर्ची गेली म्हणजे चूल गेली. त्या दिवसापासून ती श्वासही जपून घ्यायला लागली. मास्तरांचे प्रश्न मात्र थांबेनात, उलट वाढलेच.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. काचेपलीकडे एक बाई आपल्या नवऱ्याचं घड्याळ घेऊन उभी होती, शेजारी धाकटे मालक. चिमणीच्या चिमट्यात स्प्रिंग, ती जागेवर बसायला नखभर अंतर उरलेलं. तेवढ्यात उजवीकडून आलंच, "चिमणे, जरा इकडं बघ गं. थोरला कोण ह्यातला?"

मान न वळवता ती म्हणाली, "प्लीज डोन्ट ब्रेक माय कॉन्सन्ट्रेशन."

आपल्या भाषेत हे तिला कधी जमलं नसतं. म्हणणार काय? मास्तर, गप्प बसा? ज्यानं हात धरून शिकवलं त्या माणसाला? इंग्रजीत कसं, सगळं धुतल्या हातांनी करता आलं. ना मास्तर म्हणावं लागलं, ना त्यांच्याकडे बघावं लागलं. काचेपलीकडच्या बाईनं कौतुकानं मान डोलावली. धाकटे मालक तर खूश!

मास्तरांना अर्थ विचारायला कुणाकडे जावं लागलं नाही. सूर कुठल्याही भाषेतला कळतो. ते एवढंच म्हणाले, "बरं." आणि भिंग डोळ्याला लावून खाली वाकले.

त्यानंतर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पहिल्या दिवशी चिमणीनं पाच घड्याळं हातावेगळी केली, दुसऱ्या दिवशी सहा. काय सुख लागलं होतं जिवाला! तिसऱ्या दिवशी ते सुख जरा टोचायला लागलं. तिनं चहा पुढं केला, तर "नको." डब्यातलं काढून दिलं, तर "भूक नाही." मास्तर आता दिव्याकडे तोंड करून, काम नाकाला लावून बसायचे. स्क्रू नखावर घेऊन बोटानं चाचपायचे. रुसलाय म्हातारा, ती मनात म्हणाली. रुसू दे. चार दिवसांत येईल ताळ्यावर.

चार दिवसांनी तक्रारच आली. धाकट्या मालकांनी एक जुनं भारी घड्याळ चिमणीच्या टेबलावर ठेवलं. तबकडीवर मधोमध फोड आला होता, आतून काहीतरी टोचल्यासारखा.

"उघड," ते म्हणाले.

तिनं उघडलं. भिंग लावायचीही गरज नव्हती. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळून बसवलेला, तो पार तबकडीला जाऊन भिडलेला. थोरला धाकट्याच्या जागी. आणि त्या क्षणी तिला कळलं. हा माणूस परीक्षा घेत नव्हता. त्याला दिसत नव्हतं! आपण मान वळवत होतो, बघत होतो, सांगत होतो, आणि त्यावर ह्याची घड्याळं चालत होती.

"कसं झालं हे?" मालकांनी विचारलं.

त्यांनी मला विचारलं होतं, मीच सांगितलं नाही. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते घशापर्यंत आलं. मग डोळ्यांपुढं घर आलं, घरी बसलेला नवरा आला, पोरांच्या शाळेचे डबे आले. ती म्हणाली, "लांब स्क्रू बसलाय."

"बसलाय म्हणजे? बसवला कुणी?"

चिमणी गप्प. सांगा आता, असल्या गप्पपणाला काय म्हणायचं? मी म्हणेन, तोंडावर थुंकावं असा गप्पपणा होता तो.

"मी बसवला," मास्तर म्हणाले. उठले, बाह्या खाली केल्या आणि भिंतीला हात लावत काचेच्या खोलीतून बाहेर पडले.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती त्यांच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं, पण निम्मंच. आत ये म्हणाल्या नाहीत.

"काकू, मास्तर..."

"हळू बोल. दोन वर्षं झाली त्याला," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "एक डोळा गेलाच आहे, दुसरा चाललाय. मी म्हणायची, सोडा आता ते काम. तर म्हणायचे, अगं, चिमणी आहे ना शेजारी. तिला सगळं कळलंय. मी थट्टेनं विचारतो, ती थट्टेनं सांगते. कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही पोरीनं. पोटची असती तरी इतकं झाकलं नसतं, म्हणायचे." काकूंचे डोळे कोरडे होते. "मग एकाएकी काय झालं गं? जड झाले तुला?"

मला ठाऊकच नव्हतं हो, काकू. ओठांवर आलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे दोन वर्षं म्हातारा ज्या मायेच्या भरवशावर रोज खुर्चीत जाऊन बसला, ती माया नव्हतीच, हेही त्याला कळणार. खुर्ची तर गेलीच होती. आता हेही काढून घ्यायचं?

"हो काकू," ती पुटपुटली. "जड झालं."

आत, दारासमोरच, आरामखुर्चीत मास्तर बसले होते. मधे दहा पावलंही नव्हती. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि ते सरळ तिच्याकडेच बघत होते.

"कोण आलंय गं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," काकू म्हणाल्या. "पत्ता चुकलीय एक बाई." आणि त्यांनी दार लावून घेतलं.