सशाच्या आवाजाची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिट्टी आहे. मला फुंकल्यावर जो आवाज येतो तो माझा नाही, जखमी सशाचा आहे. खोटे बोलण्यासाठीच मला घडवले गेले. त्यामुळे माझ्या सांगण्यावर तुम्ही कितपत विश्वास ठेवाल, कोण जाणे. नाही ठेवलात तरी मी रागावणार नाही.

माझे लाकूड अक्रोडाचे. लामार यॉर्गसनची बंदूक घोड्यावरून पडून तिचा दस्ता दुभंगला, तेव्हा त्यातला चांगला तुकडा त्याने जपून ठेवला. घरामागच्या खोपटात लेथवर लावून त्याने मला कातले, पोटात पितळेची पातळ पट्टी बसवली आणि ती घासत, वाजवत, पुन्हा घासत तो दुपारभर बसला. अखेर दाराशी झोपलेला त्याचा म्हातारा कुत्रा ताडकन उठला, कान टवकारून उभा राहिला, आणि लामारने हातातली कानस खाली ठेवली. मग त्याने मला आपल्या मित्राला, ऑर्सन टिपेटला दिले.

"माझ्या छातीत एवढा दम नाही," तो म्हणाला. "तुझ्यात आहे. चर्चमध्ये बेसूर गाऊन वाया घालवतोस."

आमचा मुलूख म्हणजे सेजची करडी झुडपे, खारी पांढरी जमीन आणि मेंढ्या. कोयोट हा कोल्ह्याचा थोराड भाऊबंद. तो कोकरे नेतो, हरणांची पाडसे नेतो, म्हणून सरकारने त्याच्यावर इनाम लावलेले. कोयोट मारायचा, त्याचे दोन्ही कान आणि खालचा जबडा जिल्हा कचेरीत न्यायचा, कुठे मारला ते सांगायचे आणि इनाम घ्यायचे. पण हद्दीच्या कुंपणापलीकडे दुसरे राज्य सुरू होते. तिथे इनाम नाही, आणि पलीकडचा कोयोट अलीकडच्यापेक्षा वेगळा दिसत नाही. म्हणून कचेरीतली कारकून नेव्हा प्रत्येक पिशवीत पेन्सिल खुपसून पाहायची आणि पिशवी आणणाऱ्याच्या तोंडाकडे त्याहून जास्त वेळ पाहायची.

थंडीत ऑर्सन मला शर्टाच्या आत, छातीशी ठेवत असे. उघड्यावर श्वासाची वाफ माझ्या पट्टीवर गोठते आणि आवाज बसतो. सकाळी तो एखाद्या झुडपाला पाठ लावून बसे आणि मला फुंके. लामार त्याच्या मागे, वारा वाहत जातो त्या बाजूला, बंदूक घेऊन दबा धरून राही. कारण कोयोट नुसत्या कानांवर विसंबत नाही. आवाज ऐकून तो निघतो खरा, पण सरळ येत नाही. मोठा वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि वास सशाचा येतो की माणसाचा, हे हुंगून बघतो. नेमका तिथेच लामार असे. फुंकणाऱ्याने मान वळवायची नाही, हा आमच्या कामातला कडक नेम. त्यामुळे इतक्या वर्षांत शिकारीच्या वेळी ऑर्सनने लामारला कधी पाहिलेच नाही. मागे बंदूक वाजली की तो उठायचा, एवढेच.

लोक माझे कौतुक करत. ऑर्सनची शिट्टी ऐकली तर पोट भरलेला कोयोटही जेवण टाकून येईल, असे म्हणत. मला ते ऐकायला आवडे. नाही कशाला म्हणू?

मग एका हिवाळ्यात लामारचे लागोपाठ दोन नेम चुकले.

"डोळे गेले तुझे, म्हाताऱ्या," ऑर्सन म्हणाला. "पुढच्या खेपेला नेव्हाला घेऊन येतो. ती पेन्सिलीने मारेल."

एरवी लामारने याला सव्वाशेर उत्तर दिले असते. त्या दिवशी त्याने बंदूक गवसणीत घातली, आणि पुन्हा आला नाही. तो एकटा फिरू लागला. ऑर्सनही एकटा जाऊ लागला. नेहमीच्या दरीत बसून तो मला ओठ सुजेपर्यंत फुंकत असे, पण समोर शेपूटही दिसत नसे. लामारची पिशवी मात्र भरत होती.

"यॉर्गसनची गाडी हल्ली कायम हद्दीच्या कुंपणाशी उभी असते," कॅफेत कुणीतरी कॉफी पिता पिता म्हणाले.

"तिथे काय, फुलं तोडतो काय?" दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

ऑर्सन हसला नाही, पण उठूनही गेला नाही. मी त्याच्या खिशात होते. त्याच्या छातीत काय चालले आहे ते मला कळत होते. तो मनात हिशेब जुळवत होता. आपल्या दरीत एकही कोयोट नाही. लामारकडे एवढे कान. म्हणजे एक तर यानेच चोरून आपली दरी रिकामी केली, नाही तर हा कुंपण ओलांडतो. दोन्ही तर्क त्याला पटत होते.

काही दिवसांनी नेव्हाने त्यालाच विचारले. आमच्या चर्चमधले लोक एकमेकांना 'ब्रदर' म्हणतात. "ब्रदर टिपेट, तुम्ही त्याला आमच्यापेक्षा जास्त ओळखता. त्याचे कान अलीकडचेच असतात ना?"

"मी हल्ली त्याच्याबरोबर नसतो."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

ऑर्सन हातातली टोपी फिरवत राहिला. "गाडी कुंपणाशी असते म्हणतात," तो म्हणाला.

यात खोटे काहीच नव्हते. पण नेव्हाने लामारची पिशवी परत केली. मेंढपाळांनी आपल्या कुरणांची फाटके त्याला बंद केली. इनाम देणाऱ्या जिल्हा मंडळासमोर त्याची चौकशी ठरली. दोष लागला तर शिकारीचा परवाना जाणार होता, आणि लामारला दुसरे काही येत नव्हते. या वयात नवीन काय शिकणार?

चौकशीच्या आदल्या दिवशी ताजा बर्फ पडला होता. ऑर्सन नेहमीच्या जागी बसला, मला फुंकले, वाट पाहिली. समोर काही आले नाही. तेवढ्यात वाऱ्याने त्याची टोपी उडवली. ती मागे लांब जाऊन पडली, म्हणून तो उठून मागे गेला. एरवी तो तिकडे कधीच जात नसे, आल्या वाटेने गाडीकडे परतत असे.

टोपीजवळ बर्फात पावले उमटली होती. कोयोट वळसा घालून आला होता, थांबला होता, हुंगून निघून गेला होता. पुढे दुसऱ्या एकाची पावले होती. तीही ताजीच. ऑर्सन कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. दरी रिकामी नव्हतीच. कोयोट रोज येत होते, फक्त त्यांना गाठायला मागे कुणी नव्हते.

तो पावलांमागून चालत हद्दीच्या कुंपणापर्यंत गेला. कोयोट तारेखालून सरपटत जातात तिथे जमीन खणलेली होती आणि त्या भोकावर तारेचा फास टांगलेला होता. गाठ लामारची होती, ती ऑर्सन कुठेही ओळखेल. तार आपल्या बाजूच्या खांबाला बांधलेली. पुढच्या भोकातल्या फासात एक कोयोट अडकून मेला होता. त्याच्या झटापटीच्या खुणा अलीकडे होत्या. पलीकडचा बर्फ कोरा होता, त्यावर माणसाचे एकही पाऊल नव्हते.

दुसऱ्या दिवशी मंडळासमोर ऑर्सन कुणी न विचारताच उभा राहिला.

"त्याचे फास आपल्या बाजूला आहेत. मी बघून आलोय. कोयोट आपल्याच बाजूला मरतात. ज्याला शंका असेल त्याने बर्फ वितळायच्या आत जाऊन यावं."

"पण ब्रदर टिपेट," नेव्हा म्हणाली, "गाडीचं तुम्हीच तर सांगितलंत."

"तेव्हा ऐकलेलं सांगितलं. बघितलेलं आज सांगतोय."

मंडळाने माणूस पाठवला, त्याने पाहिले, आणि लामारचा परवाना राहिला. फाटकेही उघडली. ऑर्सनने बाहेर लामारला गाडीपाशी गाठले.

"उद्या येतोस? दरी भरलीय नुसती. सगळे माझ्या मागून येऊन जातात."

लामार हातमोजे चढवत होता. "फास लावायला डोळे लागत नाहीत, ऑर्सन. म्हणून लावत होतो. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"आता विचारतोय."

"तुझ्या मागे बसायचो तेव्हा तुझी पाठ बघून मला बरं वाटायचं," लामार शांतपणे म्हणाला. "आता बसलो तर सारखं वाटत राहील, हा पुढे बघत माझ्याबद्दल काय विचार करतोय."

तो गेला. पुढे दोघे एकमेकांना भेटत, हवापाण्याचे बोलत. पण बरोबर शिकारीला गेले नाहीत. ऑर्सनने मला खणात ठेवले. माझी पट्टी हिरवी पडली. आता त्याच्या नातीने मला तुमच्या शाळेतल्या कपाटात आणून ठेवले आहे.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. मला कधी फुंकलेत तर नंतर पट्टी पुसून ठेवा. आत राहिलेली ओल बाहेरून दिसत नाही. आणि आपल्या माणसाची गाडी कुठे उभी असते, असे कुणी तुम्हाला सांगू लागले, तर तिथवर जा. आपली गाडी त्याच्या शेजारी लावा, काच खाली करा आणि त्यालाच विचारा.