कुनिमोतो आजींचं खरं नाव

घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं, की आपण आधी हसतो, मग चिडतो आणि शेवटी घाबरतो. कायोकोचंही तसंच झालं. सासूबाईंनी, म्हणजे हारुएबाईंनी, एकदा चपला फ्रिजमध्ये ठेवल्या तेव्हा ती हसली. गॅस तिसऱ्यांदा तसाच चालू राहिला, तेव्हा मात्र तिच्या नवऱ्याने, तात्सुओने, आईला ओसाकाच्या पूर्वेकडच्या एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं.

चौतीस वर्षांत सासू-सुनेचं कधी वाजलं नव्हतं. हारुएबाई कमी बोलत, कमी खात आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसत. शेजारणी म्हणत, "कायोको-सान, नशीब काढलंत हो सासूच्या बाबतीत."

वृद्धाश्रमात तीन महिन्यांत हारुएबाईंचं वजन सहा किलोंनी उतरलं. त्यांचं सगळं बघणाऱ्या मोरिवाकी नावाच्या मुलीने कायोकोला बोलावून घेतलं.

"आजी जेवतच नाहीत. 'कुनिमोतो आजी' अशी हाक मारली तर मानही वळवत नाहीत. आंघोळीला नेलं की माझा हात धरून काहीतरी पुटपुटतात. तुमच्या गावाकडची बोली आहे का?"

कायोको पलंगाशी जाऊन बसली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिची बाही ओढली आणि लहान मुलीच्या आवाजात म्हणाल्या, "ओम्मा, चिबे काजा."

ही गावाकडची बोली नव्हती, हे कायोकोने लगेच ओळखलं. कारण तिला ते समजलं होतं. कोरियन मालिकांच्या वेडापायी ती सहा वर्षं दर गुरुवारी कोरियन भाषेच्या वर्गाला जात होती. मैत्रिणींबरोबर दोनदा सोलही पाहून आली होती. सासूबाई म्हणत होत्या, "आई, घरी जाऊ या."

संध्याकाळी तिने तात्सुओला विचारलं, "अहो, आई कोरियन बोलतात. कुठे शिकल्या?"

तात्सुओने चहाचा पेला खाली ठेवला.

"शिकली नाही. तेवढंच तिला येत होतं. सात वर्षांची असताना ती बोटीतून इथे आली."

"म्हणजे तुम्हीही..."

"मीही. शाळेत असताना आम्ही जपानी नागरिकत्व घेतलं. नाव त्याच्या आधीपासूनच जपानी होतं."

"चौतीस वर्षं तुम्ही माझ्यापासून हे लपवलंत?" कायोकोचा आवाज चढला. "का? मला तर कोरिया आवडतो. तुम्हाला माहीत आहे की."

"तुला आता आवडतो," तात्सुओ म्हणाला. "लग्नाच्या आदल्या वर्षी आपण नाटकाला चाललो होतो. कोरियन वस्तीतल्या त्सुरुहाशी स्टेशनात गाडीचं दार उघडलं आणि भाजलेल्या मांसाचा वास आला. तू नाकाला रुमाल लावलास. म्हणालीस, 'बाबा म्हणतात, या लोकांशी सोयरीक म्हणजे घराला वाळवी.' माझी मावशी तिथून दोन गल्ल्यांवर राहते. मी हसलो. दुसऱ्या आठवड्यात मी आमच्या घराण्याची सरकारी नोंद दुसऱ्या गावी हलवली, म्हणजे तुझ्या वडिलांनी चौकशी केली तर जुनं काही हाती लागू नये. त्यांनी चौकशी केली, हेही मला नंतर कळलं."

कायोकोला ते नाटक आठवत होतं. त्या दिवशी घातलेला निळा झगासुद्धा आठवत होता. ते वाक्य मात्र काही केल्या आठवेना.

"आईंचं खरं नाव काय?" तिने शेवटी विचारलं. "मोरिवाकीला सांगू या. त्या हाकेला तरी ओ देतील, दोन घास खातील."

"नाही."

"अहो, त्या उपाशी मरतील."

"पोरीचं, चिनात्सुचं, लग्न ठरलंय. येत्या रविवारी नाराहून मुलाकडची योशिनागा मंडळी आजीला भेटायला येतायत. एवढं लग्न पार पडू दे. मग हवं तर दारावर त्या नावाची पाटी लाव."

"आणि तोवर आई राहिल्या नाहीत तर?"

तात्सुओ उठून आत गेला.

दरवर्षी नववर्षाचं शुभेच्छापत्र पाठवणारी सासूबाईंची एक जुनी मैत्रीण होती. चपलांच्या कारखान्यात दोघी बरोबर होत्या, असं कायोकोला सांगण्यात आलं होतं. त्या पत्रावरचा पत्ता त्सुरुहाशीचाच होता. दुसऱ्या दिवशी ती तिथे गेली.

बाजारात शाळकरी मुलींची झुंबड होती. कुणी फोटो काढत होत्या, कुणी कोरियन गायकांची चित्रं विकत घेत होत्या. गर्दीतून वाट काढत कायोको एका लोणच्याच्या दुकानाशी पोचली. गल्ल्यावर ऐंशीच्या घरातली एक ठेंगणी बाई बसली होती. कायोकोने नाव सांगताच तिने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"आलीस का? चौतीस वर्षं लागली तुला. दोन स्टेशनं तर आहेत मध्ये. बस. मी तिची धाकटी बहीण, ओक्सुन. तुझी मावससासू."

कायोकोने सगळं सांगितलं. मावशी ऐकत ऐकत किमचीच्या लोणच्यासाठी कोबीच्या पानांना मसाला लावत राहिली.

"दर महिन्याला यायची ती," मावशी म्हणाली. "मागच्या खोलीत बसून पोटभर किमची खायची. मग दोनदा दात घासायची, कपडे बदलायची आणि मग तुझ्याकडे यायची. एकदा हसत हसत सांगत होती, 'अगं, आज सुनेने मला किमची खायला घातली. म्हणाली, आई, हे कोरियन लोकांचं असतं, तिखट लागेल हं, जपून.'"

कायोकोला तो दिवस आठवला. सुपरमार्केटमधून डबा आणून तिने मोठ्या कौतुकाने सासूबाईंपुढे ठेवला होता. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकून म्हटलं होतं, "असं होय? तिखट आहे खरी." आणि भाताची वाटी पुन्हा पुढे केली होती.

"पण मावशी, आता दिवस बदललेत ना?" ती कशीबशी म्हणाली. "बाहेर बघा, किती मुली आल्यात. पूर्वी असं होतं का?"

"बदललेत की. माझ्या वडिलांच्या काळी भाड्याच्या घरावर पाटी असायची, कोरियन लोकांना घर मिळणार नाही. माझ्या वेळी पाटी गेली. घरमालक तोंडाने सांगायचा. माझ्या मुलाला तेही सांगत नाहीत. 'आत्ताच दुसऱ्याला दिलं हो' म्हणतात आणि वर चहा पाजतात. सुधारणाच आहे ही." मावशीने हात पुसले. "काही वर्षांपूर्वी याच स्टेशनाबाहेर भोंगे लावून लोक ओरडत होते, चालते व्हा. त्या दिवशीही दुकानात गिऱ्हाईक होतं. किमची घेत होते, भोंगे ऐकत होते. एकही बाई बाहेर जाऊन 'गप्प बसा' म्हणाली नाही. आमचं खाणं तुम्हाला आवडायला लागलं, आमची गाणी आवडायला लागली. चांगलं आहे. पण माझी बहीण तुझ्या घरात शेवटपर्यंत लपूनच राहिली ना? तुमची आवड बदलली, सूनबाई. आमचं लपणं कुठे बदललं?"

कायोकोने मान खाली घालून विचारलं, "त्यांचं नाव काय, मावशी?"

"बुन-ई. कांग बुन-ई. घ्यायला जमतंय का बघ तोंडात."

त्याच संध्याकाळी कायोकोने पलंगाशी बसून हाक मारली, "बुन-ई." म्हातारीने झटकन मान वळवली. मोरिवाकीने भरवलेली पेज तिने वाटीभर खाल्ली. दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारावर 'कुनिमोतो हारुए'च्या खाली 'कांग बुन-ई' अशी पाटी लागली. कायोकोने तात्सुओला विचारलं नव्हतं.

रविवारी योशिनागा मंडळी आली. दारावरची पाटी बघून तात्सुओ पांढराफटक पडला. मुलाच्या आईने हसून विचारलं, "आजींच्या खोलीत दुसऱ्या कुणी बाई आहेत वाटतं?"

तात्सुओ काही बोलायच्या आत कायोको म्हणाली, "दोन्ही नावं आजींचीच आहेत. माझ्या सासूबाई कोरियन आहेत."

चिनात्सुने चमकून आईकडे पाहिलं. तिलाही हे आजच कळत होतं.

"अगंबाई, खरंच?" योशिनागाबाईंनी दोन्ही हात जोडले. "मी तर त्यांच्या मालिकांशिवाय झोपत नाही. क्रीमसुद्धा तिकडचंच लावते मी." त्यांनी म्हातारीची प्रेमाने विचारपूस केली, मिठाईचा डबा ठेवला आणि तीनतीनदा वाकून निरोप घेतला.

नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. "आमच्या मनात तसलं काही म्हणजे काहीच नाही हो. हल्लीच्या काळात कोण असं मानतं? पण आमच्यातले थोरले जरा जुन्या विचारांचे आहेत. थोडं थांबू या." मुलगाही चिनात्सुला म्हणाला, "मला वेळ दे." महिनाभर वाट पाहून चिनात्सुने अंगठी परत केली.

"झालं समाधान?" तात्सुओने बायकोला विचारलं.

कायोको रडली, पण माफी तिने मुलीची मागितली. चिनात्सु म्हणाली, "त्याचं काय, तो गेला, बरं झालं. आई, मी सत्तावीस वर्षं आजीच्या मांडीवर, आजीशेजारी वाढले. तिला मी कधी ओळखलंच नाही. याचं मी काय करू?"

हे तात्सुओने दाराआडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो न बोलता कायोकोबरोबर वृद्धाश्रमात आला.

आई आता जेवत होती, पण जपानी पार विसरली होती. कायोकोशी ती भराभर बोलायची. तात्सुओ नुसता उभा होता. नऊ वर्षांचा असताना शाळेच्या फाटकाशी आईने त्याला कोरियनमध्ये हाक मारली होती आणि पोरं आठवडाभर त्याची नक्कल करत होती. घरी येऊन तो म्हणाला होता, "यापुढे ती भाषा माझ्यासमोर बोलायची नाही." तिने ते पाळलं. त्यामुळे आज सख्ख्या आईचं बोलणं त्याला बायकोने छंद म्हणून शिकलेल्या भाषेतून समजून घ्यावं लागत होतं.

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं, कायोकोला जवळ ओढलं आणि कानाशी काहीतरी कुजबुजली.

"काय म्हणतेय?" तात्सुओने विचारलं.

काहीतरी गोड सांगावं, असं कायोकोच्या ओठांवर आलं होतं. पण या घरात लपवाछपवी खूप झाली होती.

"त्या म्हणतात, 'हळू बोल, पोरी. तिथे जपानी माणूस उभा आहे.'"

तात्सुओ खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "मी तुझा मुलगा, हे कसं म्हणायचं?"

कायोकोने त्याला चार शब्द शिकवले. साठीच्या माणसाने ते पहिलीतल्या मुलासारखे पुन्हा पुन्हा घोकले, मग आईच्या पलंगापाशी गुडघे टेकून म्हणाला. म्हातारीने लक्ष देऊन ऐकलं. आणि परक्या, मोठ्या माणसाला करावा तसा वाकून, अदबीने नमस्कार केला.

फेब्रुवारीत ती गेली. अंत्यविधीच्या फलकावर कांग बुन-ई हे नाव तात्सुओने स्वतः लिहून घेतलं. शेजारच्यांपैकी काही आले, काहींनी कामाची सबब सांगितली. ओक्सुन मावशी आली. फलकापुढे उभी राहून म्हणाली, "आता लिहिलं होय," आणि बहिणीजवळ जाऊन बसली.

वाचकहो, माणसांचा तिटकारा करणं लाजिरवाणं असतं, हे आपण आता शिकलो आहोत. म्हणून आपण त्यांचं खातो, त्यांची गाणी गुणगुणतो आणि आपण सुधारलो असं समजतो. कायोकोही तसंच समजत होती. ज्याला आपल्याच ताटाशी बसून स्वतःचं नाव लपवावं लागतं, त्याच्या दृष्टीने काहीच सुधारलेलं नसतं. आपल्या घरात, आपल्या कचेरीत, आपल्या गल्लीत असं कुणी आहे का, हे आजच विचारा, आणि ते नाव सांगतील तेव्हा त्यांच्या बाजूला उभे राहा. मागाहून फलकावर लिहिलेलं नाव मेलेल्या माणसाला वाचता येत नाही.