चैतूची तहान

आडव्या पाडलेल्या सागाच्या बुंध्यात पातं अर्ध्यावर गेलं आणि लाकूड कापायच्या मशीनने पुन्हा मान टाकली. दसरूने दोरी ओढली, परत ओढली. इंजिन हूं की चूं करेना. आलापल्लीच्या त्या जंगलात अचानक इतकं सामसूम झालं की त्याला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

फांद्या वेचणारी सोनीबाई हातातलं टाकून लगबगीने आली. पळसाच्या पानांच्या द्रोणात तिने पाणी ओतलं आणि तापलेल्या मशीनजवळ ठेवलं.

"आला तुहा दादा," ती म्हणाली. "तहान लागली त्याले."

मग तिथेच बसून ती मशीनशी हळू आवाजात बोलू लागली. आपली पोर मोनाली तुझी आठवण काढते, काळी गाय व्यायली, असलं घरातलंच काहीबाही. दसरूच्या अंगावर सरसरून काटा आला.

चैतू म्हणजे त्याचा थोरला भाऊ, सोनीबाईचा नवरा. गेल्या पावसाळ्यात तो तापाने गेला. रीतीप्रमाणे त्याच्या नावाच्या दगडापाशी त्याची खाट, कुऱ्हाड, पाण्याचा तुंबा, सगळं नेऊन ठेवलं. त्याची ही मशीन तेवढी ठेवली नाही. एवढी महागाची वस्तू जंगलात गंजू द्यायची कशी? पण या हंगामात जाड लाकूड लागलं की ती तापायची, बंद पडायची आणि घटकाभराने निमूट चालू व्हायची. ज्याची त्याने मागितली तर नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं?

"काऊन बे, पुन्हा?" मुकादम पत्रू लांबून ओरडला. "आता बंद पडली तं उद्यापासून येऊ नको. दुसरा मशीनवाला पाहतो मी."

दसरू सोनीबाईजवळ वाकला. "वयनी, दादाच्या दगडापाशी ठेवून देऊ का मशीन?"

"मंग इथी कायले येईल थो?"

दसरू मशीनकडे वळला. साखळीला धार लावून झाली होती, हवेची जाळी झटकून झाली होती, पेट्रोलमध्ये तेलही बरोबर होतं. इंजिनाचं झाकण तेवढं त्याने कधी उघडलं नव्हतं. भावाच्या वस्तूच्या पोटात हात घालायला जीव धजत नसे. आज काम जायची पाळी आली, तेव्हा त्याने मनातल्या मनात माफी मागून स्क्रू फिरवले.

आत तेलात भिजलेला भुसा गच्च बसला होता. इंजिनाला वारा लागायला फटच उरली नव्हती. काखेत कळसा अन् गावाला वळसा! दसरूला हसू आलं आणि लगेच ओसरलं. म्हणजे दादा नव्हताच. बांबूच्या काडीने कोरून कोरून त्याने सगळा भुसा काढला.

मग मशीन अशी धावली की बघत राहावं. एक बुंधा झाला, दुसरा झाला. पत्रूने लांबूनच खुशीत हात हलवला.

सोनीबाई मात्र पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसूनच होती. शेवटची एसटी हुकलेल्या बाईसारखी ती रस्त्याकडे बघत राहिली. शेवटी उठून जवळ आली आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून तिने विचारलं,

"रुसला का थो माह्यावर?"

पातं लाकडात सरसर उतरत होतं. दसरूने अंगठ्याने मशीन बंद करायचं बटण दाबलं.

सगळं शांत झालं. सोनीबाई घाईघाईने बाटलीचं झाकण उघडू लागली.

"आता काय झालं बे?" पत्रू खेकसला.

"तापली," दसरू म्हणाला.