बाबा म्हणायची बंदी

एकोडीचा मासेमार मुरारी तलावातल्या खोल पाण्याला कधी भ्याला नाही, पण भंडाऱ्याच्या कोर्टाच्या पायरीशी येऊन तो दोनदा मागं फिरला. अकरा वर्षांची रिंकू त्याच्याकडे राहणार की जाणार, ते आज ठरणार होतं.

रिंकू त्याच्या पोटची नव्हे. रेणूनं पहिल्या नवऱ्यापासून काडीमोड घेऊन मुरारीशी पाट लावला, तेव्हा पोर आईच्या कडेवर बसून त्याच्या घरात आली. पाटाच्या बैठकीत जाणत्यांनी बजावलं होतं, ज्याचं लेकरू त्याचंच नाव. मुरारी पडला सरळमार्गी. पोर बोबडं 'बाबा' म्हणाली की हा लगेच सांगे, "बाबा नाई वो बाई, काका म्हण. बाबा नागपूरले हाये." त्या नागपूरच्या बाबानं लेकीला कधी साधं झबलं पाठवलं नाही, ही गोष्ट वेगळी. गेल्या साली रेणू तापानं गेली आणि त्याला, म्हणजे कैलाशला, एकाएकी लेकीचा पुळका आला. त्यानं पोरीचा ताबा मागितला.

कैलाशच्या वकिलानं मुरारीला एकच प्रश्न विचारला. "मुलगी तुम्हाला काय म्हणते?"

"काका."

"बाबा का नाही?"

"मीच नाई म्हणू देलो, साहेब."

वकील हसत खाली बसला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. मागच्या बाकावरून मुरारीची आई बायाबाई पुटपुटली, "खोटं बोलला असता त जीभ झडली असती का याची?"

न्यायाधीशबाईंनी रिंकूला एकटीला आत बोलावलं. मुरारी बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. पोर गेली तर रिकामं घर आपल्याला खायला उठेल, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

दुपारी पुन्हा पुकारा झाला. बाई म्हणाल्या, "मी मुलीला विचारलं, तुझे बाबा कोण? ती म्हणाली, बाबा नागपूरले हायेत. पण मी बिमार पडली त काकाले झोप नाई येत." मग त्यांनी निकाल सांगितला. "एके काळी कायदा आधी बापाचं नाव बघायचा. आता आधी लेकराचं भलं बघतो. आणि ज्या माणसानं दुसऱ्याच्या नावावर हक्क सांगितला नाही, तो या लेकराशी लबाडी करणार नाही." पालक म्हणून मुरारीची नेमणूक झाली. कैलाशला सुट्टीच्या दिवशी लेकीला भेटायची मुभा मिळाली.

मुरारीला त्यातलं अर्धंच कळलं. त्यानं आपल्या वकिलाला विचारलं, "म्हंजे, पोरगी घरी येते का?"

"येते, येते!"

मग तो कोर्टाच्या व्हरांड्यातच हमसून हमसून रडला. बायाबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि दटावलं, "आता त म्हणू दे पोरीले." त्यानं होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरारी सोबत्यांबरोबर तलावात जाळं ओढत होता. काठच्या पाळीवरून रिंकूची हाक आली, "ओ बाबा! जेवाले चला!"

जाळ्यावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. प्रत्येकाला घरी पोरं होती. मुरारी तेवढा खाली मान घालून जाळं ओढत राहिला.

शेजारच्या गोपीचंदनं त्याला कोपरानं ढोसलं. "अबे मुरारी, तुलेच बोलावून राहिली ना!"