उलगडलेल्या वाती

"गाठ पडली तर ती वात बाजूला काढ बयना, मोह धरू नको. गाठीची वात तडतडते. देवापुढं तडतड बरी नाही."

सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती, पण कापूस हातात घेतला की हे शब्द बयनाबाईंच्या कानात उमटायचेच. लक्ष वातींचा नेम त्यांनी अडीच वर्षांपूर्वी धरला. परसात देवकापशीचं झाड होतं. तेलंगणातल्या तलमडुगू गावच्या शिवारात चहूकडं कापूसच, पण तो फवारणीचा. देवाच्या वातीला घरचाच लागतो. बोंडं वेचायची, सरकी बोटांनी काढायची, पेळू हलक्या हातानं मोकळा करायचा. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की मुक्यानं बसून शंभर वाती वळायच्या. शंभर झाल्या की एक चिंचोका डब्यात टाकायचा. हजार चिंचोके भरले की लक्ष पुरं, आणि मग कार्तिकात साऱ्या वाती तुपात भिजवून महादेवापुढं लावायच्या.

आताच्या फाल्गुनात सुधाकररावांना लकवा मारला आणि त्यांचा उजवा हात गेला.

गेला तोही कसला हात! पस्तीस वर्षं त्या हातानं गावाला साखर, शेंगदाणे, हळद पुड्यांत बांधून दिली होती. कागदाची घडी, दोऱ्याचे तीन वेढे, एक झटका. पुडी माळ्यावरून फेकली तरी सुटायची नाही. आता दुकानात मुलगा जीवन बसायचा, सगळा माल प्लास्टिकच्या पाकिटात यायचा, आणि सुधाकरराव ओसरीतल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. आदिलाबादच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी तेलुगू मुलगी होती. तिनं रबरी चेंडू दिला होता. "तातय्या," म्हणजे आजोबा, "दबाओ, रोज दबाओ," म्हणायची. घरी आल्यावर सुधाकररावांनी तो डाव्या हातानं अंगणात भिरकावला.

"मी काय बालवाडीतलं पोरगं हाय? चेंडू खेळू?"

"नका खेळू," बयनाबाई म्हणाल्या. त्यांनी चेंडू उचलून कोनाड्यात ठेवला आणि सुपातली चार बोंडं खाटेवर ठेवली. "मंग याच्यातली सरकी काढा. माह्या डोळ्याले आता दिसत नाही धड."

डोळे चांगले होते त्यांचे. ते सुधाकररावांनाही ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकच बोंड झालं. दुसऱ्या दिवशी तीन. आठवड्यानं ते आपणहून म्हणाले, "अवं, वात कशी वळते ते दाखव मले."

"बायाचं काम म्हणून हसत होते ना?"

"हसत होतो. आता रडून झालं, दुसरं काय करू?"

बयनाबाईंनी बोटाला चिमूटभर राख लावून दाखवली. कापसाची लांबट पुंजी तळव्यावर घ्यायची, दुसऱ्या तळव्यानं हलकेच पुढं लोटायची, मागं ओढायची नाही. सुधाकररावांचा उजवा तळवा नुसता पाटासारखा पडून असायचा. डावा त्याच्यावरून फिरायचा. वात व्हायची ती मधे फुगलेली, टोकाला केसासारखी, कुठं गाठ, कुठं पोकळ.

"ही जीवनसारखी झाली," ते म्हणायचे. "पोट सुटलेली. आन् ही पाह, ही तुई बहीण, सरळ चालतच नाही."

बयनाबाईंचा वळताना न बोलण्याचा नेम होता. त्या ओठ दाबून हसायच्या. कधी हसू आवरायचं नाही आणि मग दोघंही हसायची. सून मयूरी स्वैपाकघरातून डोकावून म्हणायची, "मामाजी, आत्याबाईचं मौन मोडलं तर पाप तुमच्या माथी!"

"लिव माह्या नावावर," सुधाकरराव म्हणायचे.

वैशाख, जेठ, आखाड. सकाळी ओसरीत दोन पाट, मधे सूप, चुलीवरून चहाचा वास, उन्हाची तिरीप कापसावर. बयनाबाईंना वाटायचं, लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण आपण दोघं असं समोरासमोर बसलो कधी? दुकान, लेकरं, सोयरेधायरे, यातच सारं गेलं. आखाडात सुधाकररावांचा अंगठा हलला. पुढं तर्जनी आली. नागपंचमीला त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी स्वतः लावली आणि आरशापुढून हलेचनात. त्यांच्या शंभर वाती व्हायला दोन-अडीच दिवस लागायचे; पण झाल्या की ते चिंचोका मागून घ्यायचे आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत धरून डब्यात टाकायचे. टक्‌ असा आवाज व्हायचा. "एक आमचा बी," म्हणायचे.

बयनाबाईंचं मन मात्र दोन ठिकाणी होतं.

त्या वाती गाठीच्या होत्या. देवापुढं गाठीची वात ठेवायची नाही, हे त्या घरात आल्यापासून शिकल्या होत्या. अडीच वर्षांचा नेम. त्यात खोट राहिली तर? आणि चिंचोका डब्यात पडला म्हणजे शंभर पुऱ्या लागतातच; तो काढून घेणं त्यांच्यानं झालं नसतं. मग त्यांनी यातून आपली वाट काढली. दुपारी जेवून सुधाकरराव झोपले की त्यांच्या वाती पदरात घ्यायच्या, परसात न्हाणीच्या ओट्यावर बसायचं, एकेक वात उलगडायची, कापूस मोकळा करायचा आणि पुन्हा वळायचा. एकसारखी, सरळ, बिनगाठीची. कापूस त्यांचा, हात माझा, देवाला दोन्ही पोचलं. असं त्या स्वतःला सांगायच्या. खोटं कुणाशी बोलावं लागलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

श्रावणात दवाखान्यात नार्नूरचे वामनराव भेटले. भाजीचा मळा होता त्यांचा; त्यांचाही उजवाच हात गेला होता. बाकावर बसून ते लहान मुलासारखे रडायचे आणि त्यांची बायको ताराबाई त्यांचं तोंड पुसून पुसून थकायची. सुधाकररावांनी खिशातून कापसाची पुंजी काढली.

"वामनराव, इकडं पाहा. रडाले डोळे लागते, हाताले काम नाही भेटत त्याच्यात." आणि तिथंच बाकावर त्यांनी एक वात वळून दाखवली. वेडीवाकडी. वामनराव रडायचे थांबून पाहत राहिले. उरलेला कापूस सुधाकररावांनी त्यांच्या हातात ठेवला.

"मले जमन?"

"मले जमलं. मी दुकानदार माणूस. तुमी तर मातीत हात घालणारे. पोळा झाला की मी येतो नार्नूरले, चार दिस राहतो. आमच्या झाडाचं बी आणतो, परसात लावा. घरचा कापूस होईन."

परतीच्या बसमध्ये सुधाकरराव खिडकीशी बसून होते. "बयना," ते म्हणाले, "पस्तीस वर्षं लोकं माह्या दुकानात आले, पण मले काई शिकव असं कोनी म्हनलं नाही." बयनाबाईंनी बाहेर पाहिलं. त्यांच्या पिशवीत कालच्या वाती होत्या. काल दुपारी त्या उलगडायच्या राहिल्या होत्या.

पोळ्याला चार दिवस होते तेव्हाची गोष्ट. दुपार होती. बयनाबाई ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर पदर, पदरात वाती. बारा-पंधरा उलगडून झाल्या होत्या. मागं काठीचा आवाज आला. सुधाकरराव एकटे परसापर्यंत कधी चालत आले नव्हते. आज आले होते. बायकोला दाखवायला आले होते, की पाहा, ओसरीपासून इथवर आलो.

ते दारातच थांबले. बयनाबाईंच्या बोटांत त्यांची वात अर्धी सुटलेली होती.

सुधाकररावांची नजर त्या वातीवरून पदरातल्या मोकळ्या कापसावर गेली.

"म्हंजे मी दिसभर वळतो," ते म्हणाले, "आन् तू दुपारभर उलगडते. चांगला धंदा हाय. काम सरनार नाही कधी."

"अहो, गाठी होत्या... देवाच्या कामात..."

"हाव ना. गाठी तर होत्याच." ते हसल्यासारखे झाले. "तुले लक्ष पुरं करायचं हाय, मले बोटं हलवायचे होते. तुयं काई चुकलं नाही. फक्त सांगाचं होतं. मी तो चिंचोका टाकला नसता."

ते वळले. काठी, पाय, काठी, पाय. बयनाबाईंना उठून धरावंसं वाटलं, पण पदरात वाती होत्या आणि त्या खाली सांडतील म्हणून त्या क्षणभर थांबल्या. तेवढ्यात ते आत गेले. तो एक क्षण त्यांना पुढं फार छळत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन पाट मांडले. सुधाकरराव पाटावर आले नाहीत. हात चादरीखाली होता.

"आजपासून तुमच्या वाती आहेत तशाच मोजते," बयनाबाई म्हणाल्या. "देवाला सांगितलं मी. आण घेऊन सांगते."

"नको वं. आता तू मोजशीन ते माह्यासाठी मोजशीन. देवासाठी नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. "वामनरावले फोन करून सांग, मी येत नाही. कोनत्या तोंडानं शिकवू? मलेच येत नाही म्हना."

"मी नाही सांगणार असं. पोळा झाला की जाऊ. मी नेते तुमाले. दोघं जाऊ."

ते भिंतीकडं वळले.

पोळा झाला, गणपती बसले. बयनाबाई रोज सूप त्यांच्या खाटेशी ठेवायच्या, रोज तसंच उचलायच्या. मयूरीनं एकदा विचारलं, "मामाजी काऊन रुसले?" बयनाबाई सूप उचलून परसात गेल्या. भाद्रपद वद्यात एका सकाळी चहाचा कप सुधाकररावांच्या डाव्या हातातूनही सुटला. दुसरा झटका होता. जीवन गाडी काढायला धावला. बयनाबाईंनी त्यांच्या उजव्या मुठीत कापसाची पुंजी ठेवली आणि वरून स्वतःची मूठ आवळली. "वळा ना," त्या म्हणत राहिल्या. "कशी बी वळा. अहो, कशी बी." गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. मूठ उघडली तेव्हा कापूस ठेवला होता तसाच होता.

दहा दिवस सुतक. कापसाला शिवायचं नव्हतं. अकराव्या दिवसापासून बयनाबाई घरभर शोधत फिरल्या. सदऱ्यांचे खिसे पाहिले, खाटेच्या दोऱ्यांत बोटं घालून पाहिली, कोनाडा, उशीचा अभ्रा, दवाखान्याची पिशवी, दुकानातला जुना गल्ल्याचा खण. सुधाकररावांनी वळलेली एक वात त्यांना हवी होती. गाठीची, फुगीर, कशीही. मयूरीनंही शोधलं, काय शोधतोय ते न विचारता.

एकही उरली नव्हती; त्या दुपारी पदरात राहिलेल्याही त्यांनी हाताच्या सवयीनं उलगडून पुन्हा वळून टाकल्या होत्या. बयनाबाईंनी काम फार नीट केलं होतं. ट्रंकेतल्या हजारो वाती एकसारख्या, सरळ, बिनगाठीच्या. त्यातल्या कुठल्या कापसाला त्यांची बोटं लागली होती हे आता देवालाच ठाऊक. त्या ट्रंकेपुढं बसल्या आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.

नेमाला शंभरेक चिंचोके कमी होते. सकाळी त्या पाटावर बसायच्या, हातात कापूस घ्यायच्या आणि तसाच ठेवून उठायच्या. तुळशीला पाणी, दिवा, एकादशी सगळं चालू होतं. फक्त वात वळत नव्हती.

कार्तिक लागला. शिवारात वेचणीच्या बायांची गर्दी होती. एका दुपारी ताराबाईंचा फोन आला. त्यांना काही कळलेलं नव्हतं.

"वैनी, दादा कवा येऊन राह्यले? पोळ्याचं म्हनले होते. हे मानूस रोज सकाळी अंघोळ करून बसते. त्या दिवशी दादानं दिलता तो कापूस हातात धरून. म्हनते, गुरुजी येतीन तवाच सुरू करीन."

बयनाबाईंनी सांगितलं.

"मंग राहू द्या वैनी," ताराबाई हळू म्हणाल्या. "याहिले मी सांगते कसं तरी."

"नका सांगू. मी येते."

"तुमी? सव्वा महिना बी..."

"गुरुवारी पुरा होते. शुक्रवारी येते. त्याहिनं शब्द दिला होता. आन् मी त्याहिले दिला होता."

जीवन नको म्हणाला. "आई, वरसी होईस्तोवर कुठं निघू नये. लोकं काय म्हणतीन? मी फोनवर व्हिडिओ दाखवून देतो त्याहिले."

"तू व्हिडिओ दाखव," बयनाबाई म्हणाल्या. "मी जाऊन बसते."

शुक्रवारी त्यांनी पहाटेची पूजा उरकली. कापडी पिशवीत कापूस भरला, कागदात देवकापशीचं बी बांधलं. पुडी त्यांना बांधता येईना, दोरा तीनदा सुटला, शेवटी पदराच्या धाग्यानं गाठ मारली. मयूरीनं ज्वारीच्या दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. आधार कार्ड आठवणीनं कमरेच्या पिशवीत सरकवलं, आदिलाबादला बस बदलतानाही बायांच्या फुकट तिकिटाला लागेल म्हणून.

"आत्याबाई, शिकवता येईन तुमाले? तुमी तर वळताना बोलत नाही."

"बोलीन," बयनाबाई म्हणाल्या.

त्यांनी चपला घातल्या. फाट्यापर्यंत अर्ध्या तासाची चाल होती. बाजूच्या रानातून कुणा वेचणारीनं हाक मारली, "कुठं निघाल्या, काकू, एवढ्या सकाळी?" त्या थांबल्या नाहीत, नुसता हात वर केला, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि सडकेला लागल्या.