बटण दाबलेलं असेपर्यंत

धाकटा बोलताना अडखळायचा, म्हणून त्याच्या वाटचं सगळं ताईच बोलायची. दुकानात, दवाखान्यात, नातेवाइकांच्या घोळक्यात. त्यानं तोंड उघडायचा अवकाश, की पुढचं वाक्य हिनं पुरं करून टाकलेलं असायचं. हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर दिवसभर तोंडाची टकळी चालवून आली तरी बाईची जीभ दमायची नाही. आता अशा भावानं बंदराच्या मनोऱ्यावर, वायरलेसवरून जहाजांशी बोलायची नोकरी धरावी, तीही इंग्रजीत, म्हणजे कमालच झाली. मराठीत ज्याची गाडी पहिल्याच अक्षराला अडते, तो तिथं काय दिवे लावणार? त्यातून ती भाषा! लिहायचं एक, म्हणायचं भलतंच, आणि निम्मी अक्षरं नुसती मिरवायला आणलेली.

आज त्याची परीक्षा होती. एक जहाज एकट्यानं बोलून आत आणायचं. जमलं तर नोकरी कायम, नाही तर उद्यापासून घरी. ताई रजा टाकून थेट मनोऱ्यावर हजर.

"तो अडला तर मी बोलेन," तिनं तिथल्या मोठ्या साहेबांना सांगितलं. "माझं इंग्रजी चांगलं आहे."

साहेब भला माणूस. कशाला हात लावायचा नाही या बोलीवर त्यांनी तिला मागची खुर्ची दिली.

काचेबाहेर धुक्यानं पाणी गिळून टाकलं होतं. आत वायरलेस खरखरत होता, आणि त्यातून जे इंग्रजी येत होतं ते ऐकून ताई चाटच पडली. एक कप्तान नाकातून बोलत होता, दुसरा शब्दांच्या शेपट्या खात होता, तिसरा चक्क गात होता. कोणाचं म्हणून धड नव्हतं. पण हसत कोणीच नव्हतं. कळलं नाही की समोरचा म्हणायचा, "से अगेन," की पहिला सगळं पहिल्यापासून सांगायचा, जराही अपमान न वाटता.

मग धाकटा बोलला. हळू, एकेक शब्द सुटा करत. "ट्री," तो म्हणाला.

"अरे, थ्री," ताईच्या तोंडून निसटलंच.

"ट्रीच म्हणायचं असतं, ताई," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "तो 'थ' निम्म्या जगाला जमत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय. फाइव्हचंसुद्धा फाइफ."

एवढी तोऱ्यातली भाषा, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ती आपण होऊन वाकली होती. ताईला एकदम भरून आलं.

तेवढ्यात रडारच्या पडद्यावर त्याच्या जहाजाचा ठिपका खडकांच्या बाजूला सरकायला लागला. धाकट्यानं बटण दाबलं. आणि अडला. मान ताणली, जबडा आवळला गेला, शब्द काही फुटेना. ताई उठली, हात पुढे गेलाच होता.

"बसा," साहेब म्हणाले. "त्यानं बटण दाबलंय. तो ते सोडेपर्यंत सगळ्यांनी फक्त ऐकायचं. इथला नियमच आहे तो."

ताई बसली. बाहेर धुक्यात ती सगळी जहाजं, ते सगळे कप्तान, तिच्या भावासाठी गप्प बसून होते. असं तर त्याच्यासाठी घरातलंही कोणी कधी थांबलं नव्हतं. ती तर नाहीच.

आणि धाकटा बोलला. उजवीकडे वळा, दिशा झीरो ट्री फाइफ. सगळं वाक्य, शेवटपर्यंत. कप्तानानं ते शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवलं. ठिपका वळला.

जहाज धक्क्याला लागलं तसं साहेबांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. "उद्यापासून कायम."

जिना उतरताना तो मध्येच थांबला. "ताई, मला घ... घ..."

'घरी जायचंय' हे तिच्या जिभेवर आलेलंच होतं. तिनं ते गिळलं आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"घ... घर वेगळं करायचंय. बंदराची खोली मिळते. ए... एकटं राहायचंय मला."

ताईला रागही आला आणि रडूही आलं. पण त्याहून जास्त नवल वाटलं. तिच्या भावाची वाक्यं खरी कुठं जाऊन संपतात, हे तिला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

"कधीपासून आहे हे मनात?" तिनं विचारलं.

तो सांगायला लागला आणि पहिल्याच अक्षराला अडला. मागून लोक उतरत होते. ताई भिंतीला सरकली, त्यांना वाट दिली, आणि ऐकत उभी राहिली.